फाट्यावर बॅटरी धरून एक माणूस

रात्री साडेअकराचा कॉल होता. तुळजापूर तालुक्यातली वस्ती, पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. पुण्याच्या केंद्राकडून एवढं कळलं आणि सोबत नवऱ्याचा मोबाईल नंबर मिळाला. गाडी आवाराबाहेर काढली नाही तोच त्या नंबरावरून फोन. शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी उचलला. "कुठवर आलाव?" डॉक्टर म्हणाले, निघालो आहोत. दोन मिनिटांत परत तेच, "कुठवर आलाव?" त्याच्या आवाजामागं बायकांचा गलका ऐकू येत होता. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मी गाडी डावीकडं घेतली, कडेला थांबवली आणि फोन माझ्याकडं मागितला.

"दादा, गाडी मी चालवतोय. आता पोचेपर्यंत फोन करू नका. तुमच्या फाट्यावर एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. आमची लाईट दिसली की बॅटरी हलवायला सांगा. वस्तीवरची कुत्री बांधा. बाईंची फाईल आणि कपड्यांची पिशवी दारात काढून ठेवा."

अर्धं मिनिट गेलं असेल. डॉक्टर नवे होते, महिन्याभरापूर्वी रुजू झालेले. अडलेल्या बाईकडं निघालेली गाडी मी अशी मधेच थांबवली ते त्यांना पटलं नव्हतं. फोन तर त्यांच्या कानाला होता, मग मला काय अडचण? मी त्यांना एवढंच म्हटलं, फोन तुमच्या कानाला असतो सर, पण घाई माझ्या पायात उतरते.

मी १०८ च्या अॅम्ब्युलन्सवर पायलट आहे. आमच्या सेवेत ड्रायव्हरला पायलट म्हणतात. २०१४ साली महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली, राज्यभर ९३७ गाड्या आल्या, आणि त्यांतल्या आमच्या जिल्ह्याच्या वाट्याच्या एका गाडीचं स्टिअरिंग माझ्या हातात आलं. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता, आता धाराशिव. त्याआधी मी काळी-पिवळी जीप चालवायचो. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं, तेव्हा शाळा-कॉलेजांत चार शब्द बोलायला बोलावतात. तिथं एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारं पोरगं खोडकर नसतं, त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं. "काका, एका हातानं गाडी चालवता येते की. रस्त्याकडं बघत बोललं तर काय होतं?"

मीही त्या वयात हेच म्हणायचो. म्हणून उत्तर द्यायच्या आधी मी शेळीची गोष्ट सांगतो.

२००७ चा उन्हाळा, भर लग्नसराई. माझी जीप उमरगा ते नळदुर्ग अशी चालायची. हैदराबादचा रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ९ होता, आता त्याचा ६५ झालाय. चौपदरी नव्हता, जायला-यायला एकच डांबरी पट्टा. खिशात नोकियाचा बटणांचा फोन. धाकट्या बहिणीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. उमरग्याहून सीटं भरून निघालो आणि दाळिंबच्या पुढं थोरल्या भावाचा फोन आला. भाऊ तुळजापुरात कापडाच्या दुकानात उभा होता. आहेराच्या टॉवेल-टोप्या घ्यायच्या होत्या आणि दुकानदाराला आकडा हवा होता. मुलाकडचे किती, मामाकडचे किती, भावकीतले किती. मी एका हातात स्टिअरिंग धरून मनातल्या मनात घरं मोजत होतो. खालच्या गल्लीतलं एक घर सुटलं, म्हणून परत पहिल्यापासून मोजली. चाळीस म्हणावं की पन्नास?

त्या मोजणीत येणेगूर मागं पडलं. येणेगूर म्हणजे काही रस्त्याकडेची दोन घरं नव्हेत. तिथं मी रोज हॉर्न मारत, सीट शोधत, ओळखीच्या टपरीवाल्याला हात करत जायचो. त्या दिवशी येणेगूर कधी आलं आणि कधी गेलं, ते मला आजही आठवत नाही. गाडी मीच नेली. माणसांतून, सायकलींतून नीट नेली, कुणाला धक्का लागला नाही. पण तेवढ्या रस्त्याचं माझ्याजवळ काहीच शिल्लक नाही, झोपेतून गेल्यासारखं.

जळकोटच्या अलीकडं सरळ रस्ता, दुपारचं लख्ख ऊन, आडोसा कसला नाही. उजवीकडच्या रानातून आठ-दहा शेळ्या रस्ता ओलांडत होत्या. काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या, आमच्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं देशभर ओळखली जाते ती उस्मानाबादी शेळी. मागं काठी घेतलेली आठ-नऊ वर्षांची पोरगी. "पन्नासच घे," असं मी भावाला म्हणालो आणि बोनेटवर धप्प आवाज झाला.

जीप तिरपी होऊन थांबली. फोन पायाखाली, ब्रेकजवळ पडला होता. शेळी डाव्या कडेला पाय झाडत होती. पोट मोठं होतं, गाभण होती. पोरगी गाडीच्या अगदी पुढ्यात उभी. ती ओरडली नाही, रडली नाही, नुसती शेळीकडं बघत राहिली. तिच्या फ्रॉकवर एका बाजूला पट्टा उमटला होता. जीपच्या पुढच्या गार्डावरची धूळ तिच्या फ्रॉकनं पुसली गेली होती.

मधल्या सीटवर एक म्हातारबा होते, पटका बांधलेले. ते खाली उतरले आणि म्हणाले, "मी बगत होतो की शेळ्या. लई लांबनं दिसत होत्या. मला वाटलं तुमालाबी दिसल्या असतील."

दिसल्याच असतील. माझे डोळे समोर होते, फोनकडं नव्हते. फोनमध्ये बघण्यासारखं तेव्हा काही नसायचंही. काच पुसलेली होती, ऊन पडलेलं होतं. डोळ्यांनी शेळ्या पाहिल्या असतील, पण त्यांनी ते सांगायचं कुणाला? गाडीत मी नव्हतोच. मी तुळजापुरात कापडाच्या दुकानात होतो, भावाच्या शेजारी.

पोरीची आजी रानातून धावत आली. साडेतीन हजार द्यायचं ठरलं. तेवढे खिशात नव्हते, हजार दिले आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी नेऊन दिले. आजीनं नोटा मोजून कमरेच्या पिशवीत ठेवल्या, मला तांब्याभर पाणी दिलं. मग म्हणाली, "शेळीचं काय, आनखी व्हतील. पोरगी माझ्या लेकीची हाय. लेक पुन्याला कामाला हाय. तिनं माझ्या भरवशावर ठिवलीया." एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

यानंतर मी सुधारलो असं मुलांना सांगायला मला आवडलं असतं, पण ते खरं नाही. महिनाभर मी गाडीत फोन उचलला नाही. मग एखादा उचलला, मग रोज उचलायला लागलो. फक्त आता कानात इअरफोन घातला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर, म्हणजे आपण सुरक्षित, असं मला मनापासून वाटायचं. येणेगूर हातांमुळं हरवलं नव्हतं, हे कळायला मला आणखी सात वर्षं आणि अॅम्ब्युलन्सची नोकरी लागली.

अपघाताच्या जागी पोचलो की डॉक्टर आधी मानेला कॉलर बांधतात. मान हलू द्यायची नसते. त्यासाठी पायलटनं जखमीच्या डोक्यामागं गुडघे टेकून बसायचं आणि दोन्ही तळव्यांत डोकं स्थिर धरायचं. पहिल्याच वर्षातली गोष्ट, पावसाळ्यातली. नळदुर्गच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून विशीतला एक मुलगा पडला होता. मी डोकं धरलं, डॉक्टर कॉलर सरकवायला गेले तर ती बसेना. कानापासून गळ्यावरून शर्टात गेलेली पांढरी वायर मधे येत होती, रक्तानं चिकटलेली. डॉक्टरांनी कात्री घेतली. मी त्याच्या तोंडावर वाकलेलो होतो, म्हणून वायर कापायच्या आधी मला त्या इअरफोनमधला बारीक आवाज ऐकू आला. पलीकडून कुणीतरी बाईमाणूस त्याचं नाव घेऊन हाका मारत होतं. कात्री चालली आणि आवाज बंद झाला.

तो मुलगा वाचला. पुढं कितीतरी कॉलर बांधल्या, कितीतरी वायरी काढल्या. आता वायर नसते, कानात नुसतं बोंड असतं, ते कुठंतरी चाकाखाली पडलेलं सापडतं. कुणाच्या रुमालात गालाशी घट्ट बांधलेला फोन सापडतो. कुणाची मानच वाकडी असते, खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून चाललेला असताना पडलेला.

आणि मग पोलीस येतात, विचारतात, काय झालं? मुलगा सांगतो, समोरच्या गाडीची लाईट डोळ्यावर आली. बाप सांगतो, रस्त्यावर खडी होती. ते खोटं असतंच असं नाही, लाईटही असते आणि खडीही असते. पण "मी फोनवर होतो" असं स्ट्रेचरवरून आपणहून सांगणारा माणूस मला इतक्या वर्षांत एकच भेटला.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली असं आहे. त्यांतल्या ३,३९५ मृत्यूंना मोबाईलचा वापर हे कारण लावलंय. म्हणजे शंभरात दोन. हा आकडा पुढं करून कुणी म्हणतं, बघा, लोक वेगानं मरतात, फोनचं एवढं काही नाही. मी अशा माणसाला माझ्या शेळीकडं घेऊन जातो. त्या दुपारी पोरगी आणखी एक पाऊल पुढं असती आणि पोलीस आले असते, तर कागदावर काय आलं असतं? हयगयीनं, निष्काळजीपणे, भरधाव वेगात. हे शब्द ठरलेले आहेत. टॉवेल-टोप्यांचा हिशोब त्यात कोण लिहिणार आणि कुणाच्या सांगण्यावरून? दारू रक्तात सापडते. डोक्यात चाललेलं बोलणं धडकेबरोबर संपून जातं. त्या ३,३९५ च्या मागं न लिहिलेली माणसं बरीच उभी आहेत असं मला वाटतं, आणि हे मी गुडघे टेकून डोकी धरलेल्या जागेवरून बोलतोय.

मधे दोन-तीन वर्षं आमच्या गाडीवर एक डॉक्टर होते, वाचनाचा नाद असलेले. सोलापूरला पेशंट सोडून परत येताना ते पुढं माझ्याशेजारी बसायचे आणि त्यांच्या होस्टेलच्या गोष्टी सांगायचे. एकदा तुळजापूरचा घाट चढत होतो. गोष्ट ऐन रंगात आली होती, आणि वळणावर पुढच्या ट्रकनं एकदम आमच्या पुढ्यात घेतलं. डॉक्टरांचं बोलणं "आणि मग रेक्टर" इथं तुटलं. मी वेग कमी केला, ट्रकला जाऊ दिलं, वळण काढलं. मग ते म्हणाले, "हां, तर मग रेक्टर वर आले..." आणि गोष्ट पुढं सुरू झाली.

मला तेव्हा लख्ख दिसलं. त्यांना गप्प बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनाही ट्रक दिसला, म्हणून त्यांचं तोंड आपसूक मिटलं. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो बोलतच राहतो, मधेच "काय म्हणालो मी?" असं विचारतो, आणि त्याला तोडणं वाईट दिसेल म्हणून आपण वळणावरही हं हं करत राहतो. शेजारचा माणूस बोलला तरी तो आपल्याच रस्त्यावर असतो. फोनवरचा माणूस आपल्याला त्याच्याकडं ओढून नेतो.

हे मी डॉक्टरांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, तुम्ही बोलताय ते लोकांनी तपासून बघितलंय. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात २००८ साली असाच अभ्यास झाला. लोकांना बनावट गाडीत बसवून सांगितलं, अमक्या ठिकाणी वळून विसाव्याच्या जागेवर गाडी न्यायची. शेजारच्याशी बोलत चालवणाऱ्यांना तो फाटा बहुतेक सापडला. फोनवर बोलणाऱ्यांतले कितीतरी जण फाटा चुकून सरळ पुढं निघून गेले. कारण शेजारी बसलेला स्वतःच रस्त्याबद्दल बोलायला लागतो, "आलं बरं का वळण" म्हणतो. फाटा चुकला म्हटल्यावर मला येणेगूर आठवलं.

दुसरा अभ्यास त्यांनी सांगितला तो त्याहून जुना, कॅनडातल्या टोरंटो शहरातला, १९९७ साली छापलेला. फोन बाळगणारे ६९९ चालक, सगळ्यांच्या गाड्या कुठं ना कुठं धडकलेल्या. त्यांना नुसतं विचारत न बसता त्यांच्या फोनच्या बिलांची नोंद तपासली, कोणत्या वेळी कॉल होता आणि कोणत्या वेळी धडक. फोनवर असताना धडकेचा धोका चौपट निघाला. आणि हात मोकळे ठेवून बोलायचा फोन ज्यांच्याकडं होता, त्यांना त्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. बिलाला सगळं आठवतं, माणसाला आठवत नाही. तो दिवस संपला तेव्हा मी इअरफोन गुंडाळून घरातल्या खुंटीला अडकवला. तो तिथंच आहे.

कायद्याला हात दिसतात. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरलेला फोन स्पष्ट नावानिशी आला. पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षाची कैद, किंवा दोन्ही. रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला २०२० पासून मुभा आहे, चालवण्यातलं लक्ष ढळू द्यायचं नाही एवढ्या अटीवर. चौकातल्या पोलिसाला हातातला फोन दिसेल, डोक्यातलं कापडाचं दुकान कसं दिसणार? त्याच्याकडून तेवढं मागणं बरोबर नाही.

शाळेत गेलो की मी हे अभ्यास सांगत बसत नाही. मुलांना मैदानावर नेतो. ताशी ऐंशीच्या वेगानं गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. खिशातून फोन काढायचा, कुणाचा आहे ते बघायचं, हिरवं बटण सरकवायचं, याला पाच सेकंद धरा. झाले ११० मीटर. एका मुलाला खो-खोच्या खांबापाशी डोळे मिटून उभं करायचं आणि बाकीच्यांनी मोठी ढांग टाकत, मोठ्यानं मोजत सरळ चालायचं. पोरं मैदान संपवतात, फाटकातून बाहेर पडतात, तरी एकशेदहा होत नाहीत. एका गावात मोजणी रस्त्याकडेच्या किराणा दुकानापर्यंत गेली. खांबाशी उभ्या असलेल्या मुलीनं डोळे उघडले, इकडं-तिकडं बघितलं आणि मला विचारलं, "सगळे कुठं गेले?"

पण मुलांशी बोलून परतताना मला दर वेळी अपुरं वाटतं. कारण फोन करणारी माणसं त्या मैदानावर नसतात.

दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्या रस्त्यांवर उसाची वाहतूक सुरू होते. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्याच्या मधोमध, मागं दिवा असला तर असला. एका रात्री अशाच एका ट्रॅक्टरमागं सायरन वाजवत मी कितीतरी वेळ अडकलो होतो. चालवणाऱ्या मुलानं एका हातानं कानाशी फोन धरलेला, आणि डोक्यावर दोन भोंग्यांतून गाणी. पेशंट पोचवून परत येताना तोच मुलगा टपरीवर चहा पिताना दिसला. मी रागानंच गाडी थांबवून उतरलो. तो उठून उभा राहिला, डोळे तांबारलेले. म्हणाला, "काय करू काका, मालकाचा फोन असतोय. उचलला न्हाई तर म्हनतोय झोपलास का. उचलला की म्हनतोय कुठवर आलास, काट्याला नंबर लावायचाय. गानी झोप यिऊ नई म्हनून." दोन रात्री तो झोपला नव्हता. माझा राग त्याच्यावरून उतरला आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला गेला. ज्याला ट्रॅक्टर दिसत नव्हता, अॅम्ब्युलन्स दिसत नव्हती, असा एक माणूस घरी गादीवर बसून तो ट्रॅक्टर चालवत होता.

मालकाचं ठीक, त्याला पैशाची घाई. पण प्रेमानं केलेला फोनही तेच करतो. आमच्याकडं घरटी कुणी ना कुणी पुण्याला आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री मोटारसायकलवर पुढं पोरगा, मागं बायको, मधे पिशवी असा माणूस गावाकडं निघतो, आणि घरून फोन सुरू होतात. टेंभुर्णी सोडलं का? कुर्डुवाडी आली का? बार्शीत काही खाल्लं का? आईला वाटतं, फोन लागला की लेक जवळ आला. तो खरंच येतो. तेवढ्या वेळापुरता तो रस्त्यावरून उठून तिच्या चुलीपाशी येऊन बसतो आणि गाडी बायको-पोरांना घेऊन एकटीच चालत राहते. माझ्या बायकोलाही हे सांगायला मला धीर होत नव्हता, कारण काळजीनं फोन करणाऱ्या माणसाला करू नको म्हणणं जड जातं. एकदा तिला ती फ्रॉकवरची धूळ सांगितली. तेव्हापासून मी ड्युटीवर असताना तिचा फोन येत नाही. गाडी लावली की मी करतो.

नवरात्राच्या दिवसांत तर फोन मी डॅशबोर्डच्या खणात बंद करून ठेवतो. घटस्थापनेच्या आधी गावोगावच्या मंडळांची पोरं देवीची ज्योत घेऊन तुळजापुरातून पळत निघतात, अनवाणी, आळीपाळीनं, रात्रभर. मागं टेम्पो, आजूबाजूला मोटारसायकली. मोटारसायकलवरचा एखादा एका हातानं व्हिडिओ कॉल लावून गावातल्यांना ज्योत दाखवत असतो. तो बघत असतो फोनमध्ये, आणि त्याच्या चाकापुढं पळत असतो त्याच्याच मंडळाचा मुलगा. पुढं कोजागिरीला सोलापूरहून चालत येणाऱ्यांची रीघ लागते. रस्ता इतर वाहनांना बंद करतात, आमच्या गाडीला मात्र जावंच लागतं. अंधारात हजारो उघडी पावलं, त्यांतून दहाच्या वेगानं वाट काढायची. काचेला नाक लावून चालवतो म्हणा ना. त्या रात्रींत एका क्षणापुरतंही गाडीतून उठून जाणं मला परवडत नाही.

त्या साडेअकराच्या कॉलला आम्ही फाट्याशी आलो तेव्हा लांबूनच उजेड हलताना दिसला. बाईचे वडील होते, धोतर-बंडी घातलेले, रस्त्याच्या मधोमध. कधीपासून बॅटरी हलवत होते कोण जाणे, तिचा उजेड पिवळा पडला होता. ते पुढं पळत गेले आणि मी त्यांच्या मागं गाडी घातली. कुत्री बांधलेली होती, पिशवी दारात होती. डॉक्टरांनी बाईला तपासलं आणि सोलापूरला हलवायचं ठरवलं. डॉक्टर आणि तिची आई मागं बसले. नवरा माझ्याशेजारी, पुढच्या सीटवर.

रस्त्याला लागलो तसा त्याचा फोन वाजायला लागला. घरून त्याची आई करत होती. त्यानं फोन हातात घेतला, स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी काही म्हटलं नाही, माझं लक्ष पुढं होतं. त्यानं आवाज बंद करून फोन मांडीखाली ठेवला. घाटात उतरायला लागलो. एक कंटेनर, मग दोन ट्रक, वळणावर कडेला बंद पडलेला टेम्पो, मागं दगड लावलेले, दिवा नाही. तासापूर्वी दर दोन मिनिटांनी "कुठवर आलाव" विचारणारा तो माणूस आता दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून काचेतून बघत होता. टेम्पो मागं पडला तेव्हा त्यानं श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. तामलवाडी गेली. मांडीखालचा फोन मधूनमधून उजळायचा, सीटच्या कडेनं निळसर उजेड दिसायचा आणि विझायचा.

दवाखान्याच्या दारात गाडी लावली. स्ट्रेचर आत गेलं, डॉक्टर आणि बाईची आई मागोमाग गेले. मी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. तो अजून दांडा धरूनच बसला होता. मी म्हटलं, "करा आता."

त्यानं फोन काढला. अकरा मिस्ड कॉल होते. पहिल्याच रिंगला पलीकडून उचलला गेला.

"आये," तो म्हणाला, "पोचलो."